पंचवीस घोडे, तीस घोडे

ऊमान्नाकच्या बेटावर एकही घोडा नाही.
कुत्री आहेत, साखळीला बांधलेली,
उन्हाळ्यात रात्रच होत नाही
म्हणून चोवीस तास रडणारी.
तरी मासांती माझ्या वर्कशॉपात येऊन
घोडेच मोजत बसतो:
पंचवीस घ्यावेत की तीस?

तीन दिवस झाले, रोज येतो.
माहितीपत्रकाची दोन पानं
माशाच्या तेलाने एकमेकांना चिकटलेली,
ती सोडवतो, वाचतो, पुन्हा चिकटवतो.

दोन्ही इंजिनं मी शेजारी शेजारी टांगली आहेत.
डेन्मार्कहून एकाच जहाजातून आली,
एकाच रंगाची, एकाच वासाची,
अंगावरचा आकडा तेवढा वेगळा.
बाकी एका माळेचे मणी.
वजन मी स्वतः बघितलं,
मासळी तोलायच्या काट्यावर चढवून:
काटा एकाच रेघेवर थांबला.
पंख्याला तीन पाती, यालाही, त्यालाही.
दांडा लांब, दोन्हींचा.
फरक फक्त किमतीत, नऊ हजार क्रोनर.

"नऊ हजारांत काय मिळतं, बिबियाने?"

म्हणून मी झाकणं उतरवली.
पिस्टन काढून टेबलावर ठेवले
आणि चहा ओतायला वळले तेवढ्यात
कुठले कुणाचे, माझं मलाच कळेना.
मापं घेतली. तीच.
स्प्रिंगा मोजल्या. तेवढ्याच.
शेवटी कार्बोरेटरच्या गळ्याशी सापडलं:
पंचविसाच्या घशात पितळेची एक कडी,
माझ्या करंगळीतही जाणार नाही एवढी.
तेवढ्याने पाच घोडे दावणीला.

मासांतीने कडी उजेडात धरली.
तिच्यातून बंदर बघितलं, मग मला.
"म्हणजे ही काढली की…"
"कंपनीची हमी जाते," मी म्हणाले.
"आणि पेट्रोल. ते तर धो धो जातं."

माझ्या भावाने काढली होती.
तो आता नूकला ऑफिसात असतो,
इंजिन विकून गेला, कडी राहिली
माझ्या ड्रॉवरमध्ये, वायसरांच्या डबीत.
हे मी मासांतीला सांगितलं नाही.

तो म्हणाला, "हालिबट काही पळत नाही.
आठशे मीटर खाली पडून असतो, माझी वाट बघत.
मला घाई असती
तर मी पुढाऱ्यांच्या मागे लागलो असतो."
मग कुठे घोडं अडलं होतं, कुणास ठाऊक!
उठला. तिसाची दोरी ओढून बघितली.
मग पंचविसाची.
पुन्हा तिसाची, पुन्हा पंचविसाची,
दोन पोरींचे हात हातात घेऊन बघावेत तसा.

त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत.
दोन चौऱ्याण्णव साली
गळाची दोरी गुंडाळताना गेली.
हे गावात सगळ्यांना माहीत आहे,
इतकं, की कुणाला दिसत नाही.

तिसाची मूठ गोल होती, बारीक, घोटीव.
पंचविसाची पसरट,
जुन्या साच्यातली, कारखान्यात उरलेली असणार.
तिच्यावर ती तीन बोटं अशी बसली
की जणू पाच होती.

"हे," तो म्हणाला.
माझ्या तक्त्यात अठरा रकाने होते,
मूठ नव्हती.

पुढे तासाभरात धक्क्यावर.
घोडामैदान जवळच होतं.
पहिल्या झटक्याला खोकलं, दुसऱ्याला रुसलं,
तिसऱ्याला धरलं.
मी ओरडून विचारलं, "आवडलं का?"
"इमाका," तो म्हणाला. आमच्याकडे
कदाचितला इमाका म्हणतात,
आणि होयलाही बऱ्याचदा.

हिमनगाच्या मागे वळेपर्यंत आवाज ऐकत राहिले.
पंचवीस की तीस, नुसत्या कानांनी
मला नसतं सांगता आलं.

परत येऊन हात धुतले,
पाना जागेवर लटकवला,
तेव्हा सुचलं:
मूठ बदलता येते.
दोन गाठी, एक स्क्रू, पाच मिनिटांचं काम.
खिडकीतून बघितलं. पाणी सपाट होतं.
आणि त्याचे नऊ हजार
त्याच्या खिशातच होते.